एलईडी माळ कापायच्या आधी: २३० व्होल्टची माळ १२ व्होल्टवर आणण्याची कृती

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तिथून आणलेली माळ घरी आली की तीच अडचण दरवर्षी येते. मखर चार फुटांचं आणि माळ पंधरा फुटांची. उरलेली माळ मागे गुंडाळून ठेवली की सनबोर्डामागून भलताच उजेड येतो. मग कोणीतरी कात्री घेतं, नको तेवढे दिवे कापून टाकतं, टोकं पिळून टेप लावतं. माळ लागते, आधीपेक्षा जास्त लखलखते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरतीच्या वेळी बंद पडते.

त्या लखलखाटातच बिघाड दडलेला असतो. थेट प्लगमध्ये जाणाऱ्या माळेत दिवे एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये असतात. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. ५० दिव्यांचे झाले १५०. महावितरणचे उरलेले ८० व्होल्ट माळेत किंवा डबीत लपवलेला रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग, पिऊन टाकतो. आता २० दिवे कापा. उरलेले ३० दिवे ९० व्होल्ट घेतात आणि रेझिस्टरच्या वाट्याला १४० येतात. हिशेब ढोबळ आहे, पण विद्युतप्रवाह पावणेदोनपट होतो आणि रेझिस्टरची उष्णता तिप्पट, हे त्यातून दिसतं. गेलेला एक दिवा काढून वायरी एकत्र पिळणं हाही तोच प्रकार. प्रत्येक गेलेला दिवा उरलेल्यांवरचा भार वाढवतो, म्हणून माळ मरायला लागली की भराभर मरते.

दुसरी गोष्ट शॉकची. एक एलईडी तीन व्होल्टचा असला, तरी माळेतला कुठलाही उघडा सांधा घरच्या विजेला थेट जोडलेला असतो. २३० व्होल्ट हा सरासरीसारखा आकडा आहे, लाटेचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. आठ प्रकारे लुकलुकवणारी ती डबी ट्रान्सफॉर्मर नसते. आत चार डायोड, एकदोन छोटे एससीआर (विजेची उघडझाप करणारे भाग) आणि काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली झाकलेली एक चिप, एवढंच असतं. ती दिवे विझवते, वीज तोडत नाही.

म्हणून नवख्यांसाठी नियम साधा ठेवावा: २३० व्होल्टची माळ २३० व्होल्टवर ठेवून तिच्यात फेरफार करायचा नाही. दिवे चांगले असतात, तेवढे घ्यायचे आणि तीन-तीनच्या गटात १२ व्होल्टवर चालवायचे. मग माळ हवी तिथे कापता येते, लहान मुलांचा हात लागला तरी घाबरायचं कारण नसतं, आणि आरतीचा व्हिडिओ काढताना पडद्यावर ते सरकणारे काळे पट्टेही येत नाहीत. ते पट्टे सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करणाऱ्या दिव्यांमुळे येतात. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, दिवा सलग जळतो.

कोणती माळ हातात आहे?

थेट दोन पिनांचा प्लग आणि डबी असलेली माळ म्हणजे वर सांगितलेली सिरीज माळ. लेखाचा मोठा भाग तिच्याविषयी आहे. बारीक तांब्याच्या तारेची, सेलच्या डबीवर किंवा यूएसबीवर चालणारी फेअरी लाइट वेगळी. तिची कृती पुढे आहे. प्रत्येक दिव्याला तीन वायरी असतील आणि रंग धावत असतील तर ती पिक्सेल माळ, तिचं शेवटी बघू.

घेताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. दिवे आपोआप रंग बदलणारे असतील, म्हणजे लाल, हिरवा, निळा असा एकच दिवा फिरत असेल, तर ती माळ या कामाला घेऊ नका. त्या दिव्याच्या पोटात चिप असते. असे तीन दिवे सिरीजमध्ये जोडले की ते एकमेकांचे व्होल्ट पळवतात आणि वेड्यासारखे लुकलुकतात.

रंग निवडताना वॉर्म व्हाइट घ्या. शुभ्र पांढऱ्यात निळी झाक असते. तिच्यात शाडूच्या मूर्तीचा चेहरा पांढुरका दिसतो आणि झेंडूचा केशरी रंग मरतो. शुभ्र माळ घरात आधीच पडून असेल तर दिव्यांपुढे पिवळा जिलेटिन पेपर लावा, बराच फरक पडतो.

सामान

५० दिव्यांच्या एका माळेला एवढं लागतं:

- १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर. जुन्या वायफाय राउटरचा घरात पडलेला असतो, तो बहुतेक वेळा चालतो
- २२० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर २० (लागणार १६, चार वरचे)
- १ किलोओहमचा एक रेझिस्टर, चाचणीसाठी
- लाल आणि काळी मल्टीस्ट्रँड वायर, ०.५ चौरस मिमी, प्रत्येकी ८ मीटर
- ३ मिमी हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), दोन मीटर
- स्क्रूवाला डीसी फीमेल जॅक, ५.५ × २.१ मिमी
- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्सची (सोल्डर नीट पसरवणाऱ्या पेस्टची) डबी
- साधा मल्टिमीटर, दोन क्रोकोडाइल क्लिपा, कटर, ब्लेड

अडॅप्टरचं लेबल नीट वाचा. ‘आउटपुट १२ व्होल्ट डीसी’ हवं, आणि दोन गोलांच्या चित्रात अधिकचं चिन्ह मधल्या ठिपक्याकडे गेलेलं हवं. काही अडॅप्टरांवर एसी आउटपुट लिहिलेलं असतं, ते बाजूला ठेवा. आणि लेबलवर विसंबू नका, मीटर लावा. हाताला जड लागणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना अडॅप्टर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं असूनही मोकळा, म्हणजे काही न जोडता, मोजला तर १६-१७ दाखवतो. १६ व्होल्टवर आपल्या गटातून १२ ऐवजी ३० मिलीअँपिअर जातील. दिवे सुरुवातीला सुंदर दिसतील आणि उत्सव संपायच्या आत काळवंडतील. हलका, एसएमपीएस प्रकारचा अडॅप्टर घ्या. तो १२ च्या आसपास ठाम राहतो.

रेझिस्टरचा हिशेब

तीन पांढरे दिवे, प्रत्येकी ३.१ व्होल्ट, झाले ९.३. बारामधून उरले २.७. दिवा २० मिलीअँपिअरपर्यंत सोसतो, पण घरात १२ पुरतात, डोळ्यांना त्रास होत नाही आणि आयुष्य वाढतं. २.७ भागिले ०.०१२ म्हणजे २२५ ओहम. बाजारात मिळणारा जवळचा २२०. पट्टे लाल-लाल-तपकिरी. निळे आणि हिरवे दिवेही साधारण तीन व्होल्टचेच, त्यांनाही हाच.

लाल आणि पिवळे दिवे मात्र २ व्होल्टचे असतात. त्यांचा गट चाराचा करा: ८ व्होल्ट गेले, ४ उरले, ३३० ओहम (नारंगी-नारंगी-तपकिरी). रंगीबेरंगी माळेत लाल-हिरवा-निळा असे तीन एका गटात आले तरी बेरीज आठच होते, म्हणजे पुन्हा ३३०. इथे नवखे हमखास चुकतात: सगळीकडे २२० लावतात आणि लाल दिवा असलेला गट बाकीच्यांपेक्षा जास्त तळपतो.

५० दिव्यांतून १६ गट होतात, दोन दिवे उरतात. ते जपून ठेवा, बदली म्हणून लागतील. १६ गट गुणिले १२ म्हणजे १९२ मिलीअँपिअर, एक अँपिअरच्या अडॅप्टरला काहीच नाही. सगळी माळ जेमतेम २.३ वॅटची. रोज सहा तास, दहा दिवस लावली तरी पाव युनिटसुद्धा होत नाही.

कृती

माळ प्लगमधून काढा, आणि सगळ्यात आधी तिचा दोन पिनांचा प्लग आणि डबी कापून कचऱ्यात टाका. शेवटी नाही, आधी. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला प्लग पुढच्या वर्षी कोणीतरी भिंतीत घालतं.

माळेत दिवे असलेली वायर आणि नुसती परत येणारी वायर, अशा दोन एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पीळ सोडवून नुसती वायर काढून टाका. तीच पुन्हा वापरायचा मोह होतो, पण तिच्याजवळ लोहचुंबक नेऊन पाहा. स्वस्त माळांत तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार असते आणि चुंबक तिला चिकटतो. ही तार चारदा वाकवली की आतून तुटते, वरून मात्र धड दिसते.

आता दर तीन दिव्यांनंतर, दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये कापा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची एक-एक सेंटिमीटर वायर सोला.

पुढचं काम म्हणजे अधिक बाजू ओळखणं. चाचणीसाठी अडॅप्टरच्या अधिक वायरीला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा, त्याच्या टोकाला लाल क्लिप, उणे वायरीला दुसरी. तुकड्याला क्लिपा लावा. तीन दिवे मंद लागले की लाल क्लिपेकडच्या टोकावर मार्करने खूण करा. लागले नाहीत तर उलटं लावा, उलटं लावल्याने दिवे बिघडत नाहीत. दोन्हीकडून लागले नाहीत तर तुकड्यात एक मेलेला दिवा आहे. तो शोधायला सीआर २०३२ चा बटण सेल पुरतो: एकेका दिव्याच्या पायांना टेकवला की जिवंत दिवा लागतो. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर पांढरा दिवा पुष्कळदा लागत नाही, मीटरचे व्होल्ट कमी पडतात. त्यावरून दिवा गेला असं समजू नका.

सगळ्या तुकड्यांच्या अधिक टोकांना एक-एक रेझिस्टर सोल्डर करा. इथे तार लोखंडी असली तर सोल्डर गोळी होऊन घरंगळतं. ब्लेडने तार खरवडा, फ्लक्स लावा, आयर्नचं टोक तारेला टेकवा आणि सोल्डर आयर्नला न लावता तारेला लावा. तार तापली की ते स्वतःहून पसरतं. दोन-तीन सेकंदांत झालं पाहिजे. त्यापेक्षा जास्त वेळ धरलं तर उष्णता तारेवरून दिव्यापर्यंत जाते. चांगला सांधा गुळगुळीत, चकचकीत दिसतो. राखाडी, खडबडीत ठिपका म्हणजे कच्चा सांधा, तो पुन्हा तापवा.

आता लाल आणि काळी वायर ताणून जमिनीवर पसरा. थांबा, आधी स्लीव्ह. दोन-दोन सेंटिमीटरचे १६ तुकडे लाल वायरीत आणि १६ काळीत ओवून घ्या, मोजून. सांधे झाल्यावर स्लीव्ह घालायला टोक उरत नाही, आणि सात सांध्यांनंतर हे लक्षात आलं की इन्सुलेशन टेप शोधायची वेळ येते. पुण्याच्या दमट भाद्रपदात त्या टेपचा डिंक सुटून हाताला चिकटतो. ओवलेले स्लीव्ह सांध्यापासून वीतभर लांब सरकवून ठेवा, नाहीतर आयर्नच्या धगीने तिथेच आवळतात.

दर ३० सेंटिमीटरवर (किंवा तुमच्या मखराच्या मापाने) दोन्ही वायरींचं वरचं प्लास्टिक आठ मिलीमीटर सोला, वायर न तोडता. लाल वायरीला गटाचा रेझिस्टर, काळीला गटाचं दुसरं टोक. पहिला गट जोडला की तिथेच थांबून अडॅप्टर लावा आणि रेझिस्टरच्या दोन पायांवर मीटर धरा. २.५ ते २.९ व्होल्ट दिसले की प्रवाह बरोबर आहे. ४ च्या पुढे दिसत असतील तर अडॅप्टर जास्त व्होल्टचा आहे, किंवा गटात लाल दिवा शिरला आहे. ही एक मोजणी सोडली तर उरलेले १५ गट चुकीच्या आकड्यावर जोडून बसाल.

मग बाकीचे गट जोडा. प्रत्येक तीन-चार गटांनंतर लावून बघा. एकूण ४८ सांधे आहेत, एक सबंध दुपार जाते. सगळं लागलं की स्लीव्ह सरकवून हेअर ड्रायरने किंवा लायटरच्या ज्योतीच्या बाजूने आवळा. ज्योत थेट लावली तर स्लीव्ह करपतो आणि फुटतो. रेझिस्टर आणि त्याचा दिव्याकडचा सांधा झाकायला वेगळा तीन सेंटिमीटरचा तुकडा लागतो, तो रेझिस्टर वायरीला जोडायच्या आधी घाला. टोकाला डीसी जॅक: लाल वायर अधिकच्या खुणेत, काळी उणेत, स्क्रू घट्ट.

मखर आणि आकाशकंदील

महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलची मखरं गेली आणि पुठ्ठा, कापड, कागद आले. दिसायला कितीतरी चांगले, पण पेट घेणारे. म्हणूनही १२ व्होल्ट बरे. तरी अडॅप्टर मखराच्या आत, कापडाखाली कोंबू नका. तो गरम होतो, त्याला हवा लागते.

गोल डोक्याचा एलईडी पुढे टॉर्चसारखा झोत टाकतो. पुठ्ठ्यावर जवळून लावला की भिंतीवर ठिपके उमटतात, सलग उजेड मिळत नाही. उपाय फुकटात होतो: दिव्याचं टोक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दहा-बारा वेळा गोल घासा. टोक धुरकट झालं की उजेड चहूकडे पसरतो. कंदिलासाठी हे कराच. चार गट, म्हणजे १२ दिवे, पुठ्ठ्याच्या नळीवर बाहेर तोंड करून गुंडाळले आणि नळी कंदिलाच्या मध्यात टांगली की पतंगी कागदाचे रंग छान उठतात. मोठ्या कंदिलाला आठ गट लागतील.

उजेड कमी-जास्त करायचा तर १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम डिमर मिळतो, तो अडॅप्टर आणि माळ यांच्यामध्ये बसतो. पंख्याचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या आधी लावू नका, अडॅप्टर जातो.

बाल्कनीत किंवा तुळशीपाशी लावताना अडॅप्टर घरात ठेवा, फक्त १२ व्होल्टची वायर बाहेर काढा. गणपतीत पाऊस असतोच, दिवाळीतही परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. वायर खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. ओल्या जागी डीसीचे सांधे अधिक बाजूने हिरवे पडून खाल्ले जातात. सांधे सिलिकॉनने बुजवा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. ग्लू गनचा गोंद घरात ठीक, पावसात सुटून येतो.

फेअरी लाइट

इथे काम सोपं आहे, कारण सगळे दिवे समांतर असतात आणि तार कुठेही कापता येते. तीन पेन्सिल सेलचे ४.५ व्होल्ट होतात. तीच माळ थेट यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावली की अर्ध्या व्होल्टने दिवे तापतात. सेलच्या डबीत रेझिस्टर असेलच असं नाही. पुष्कळदा सेलचा अंतर्गत विरोधच ते काम करत असतो. २० पांढऱ्या दिव्यांना अधिक बाजूला २२ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. दोन व्होल्ट त्यावर पडतात, सुमारे ९० मिलीअँपिअर जातात. माळ कापून १० दिवे ठेवले तर ४७ ओहम.

तार उघडी दिसते पण तिच्यावर लाखेचा थर असतो. पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सोल्डर धरणार नाही. कापलेली टोकं एकमेकांना लागू न देता नेलपॉलिशमध्ये बुडवा. रिमोटवाली माळ जोडून अर्धेच दिवे लागले तर ती बिघडलेली नाही: तिच्यात एकाआड एक दिवे उलटे जोडलेले असतात आणि मूळ डबी वीज आलटून पालटून देते. तिला तिच्या डबीवरच राहू द्या. पॉवर बँकेवर लावली आणि अर्ध्या मिनिटात विझली, तर बँकेला इतका कमी प्रवाह जाणवत नाही म्हणून ती स्वतःला बंद करते. मोबाइलचा चार्जर वापरा.

पिक्सेल

५ व्होल्टच्या ५० पिक्सेलची माळ पूर्ण पांढरी केली तर ३ अँपिअरपर्यंत मागते. एका टोकाने वीज दिली की दुसरं टोक पिवळट-लालसर दिसतं. अधिक-उणे वायरी दोन्ही टोकांना द्या. कंट्रोलर आणि अडॅप्टरची उणे बाजू एकत्र जोडलेली हवी. लाल म्हटल्यावर हिरवा लागला तर कंट्रोलरमध्ये रंगांचा क्रम बदला. बाकी हा वेगळा विषय आहे, पहिल्या वर्षी नको.

बिघडलं तर

एकच गट विझला: त्यातला एक दिवा किंवा सांधा सुटला, बटण सेलने शोधा. एका गटातला एक दिवा विझला आणि बाकीचे दोन जास्त तळपतात: विझलेला दिवा आतून शॉर्ट झाला आहे, दोघांवर २६ मिलीअँपिअर येत आहेत, आजच बदला. टोकाकडचे गट मंद: वायर फार बारीक घेतली किंवा मधला एखादा सांधा कच्चा. अडॅप्टर टिकटिक करत माळ लागते-विझते: लाल आणि काळी कुठेतरी एकमेकींना लागल्या आहेत, अर्धी माळ सोडवून कुठल्या अर्ध्यात दोष आहे ते बघा, मग त्याचा अर्धा.

विसर्जनानंतर माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, मुठीभोवती नको, सांध्यांना पीळ बसतो. रेझिस्टरजवळ वायर वाकवू नका. आणि जॅकजवळ पांढरी टेप लावून तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘फक्त १२ व्होल्ट’ लिहून ठेवा, अडॅप्टरही त्याच पिशवीत.